तुरटी, वीनियर आणि जुलै महिना: एका कापडाच्या प्रयोगाची नोंद

पार्श्वभूमी

ही नोंद टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या प्रकल्पाची आहे. नाव, कॉलेज आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत. वर्गात ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. मीही इथे तेच म्हणते. मी तिची मार्गदर्शक होते. या प्रकल्पात दोन चुकीचे सल्ले मी दिले, तेही जसे दिले तसे लिहिले आहेत.

धाकटी मुंबईत लालबागच्या चाळीत राहते. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. घरात आई, आजी, दादा-वहिनी आणि तीन वर्षांची भाची. नोव्हेंबरात विषय ठरवायला आली तेव्हा तिच्या हातात धाग्याच्या खडीसाखरेचा एक लांबट खडा होता, आजीच्या देवघरातला. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, धाग्यावर साखर वाढते, तर कापडावर काहीतरी वाढवता येईलच ना? मला कापडावर पीक काढायचंय."

दुसरी कल्पना दादाकडून आली. तो फर्निचरच्या कामांवर वीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, बसवतो. अर्ध्या मिलिमीटरचे सागवानाचे, ओकचे उरलेले पट्टे घरी पलंगाखाली पडलेले असत. त्यातला एक पट्टा तिने जुन्या साडीच्या तुकड्यावर चिकटवून, कात्रीने बारीक तुकडे करून पाहिला होता. लाकूड कापडासारखं वळत होतं, आणि टेबलावर टाकलं की टक्‌ असा आवाज येत होता. तो आवाज मला फार आवडला.

या दोन्ही वाटांवर आधी माणसं चालून गेली आहेत, हे तिला मी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. बर्लिनच्या एलिसा स्ट्रोझिक यांनी वीनियरचे त्रिकोण लेझरने कापून कापडावर बसवले आणि त्यातून लाकडाची चादर, गालिचा उभा केला. लंडनमध्ये २००८ साली रॉजर हायॉर्न्स यांनी एका रिकाम्या सरकारी घरात ७५ हजार लिटर मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण भरलं. द्रावण काढल्यावर भिंती, छत, न्हाणीघर, सगळं निळ्या स्फटिकांनी मढलेलं होतं. इस्रायलच्या सिगालित लांडाऊ यांनी २०१४ मध्ये एक काळा पोशाख मृत समुद्रात बुडवून ठेवला, तो मिठाने पांढरा होऊन वर आला. पण लाकूड आणि स्फटिक दोन्ही एकाच कापडावर असलेलं काम आम्हाला दोघींनाही सापडलं नाही. धाकटीने तेच ठरवलं: घरात आडोसा म्हणून टांगता येतील असे तीन पडदे, प्रत्येकी ४५ बाय १२० सेंटिमीटर. प्रदर्शन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात होतं.

पहिला निर्णय: कोणता क्षार

डिसेंबरात तिने प्रिन्सेस स्ट्रीटवरून पाच पदार्थ आणले. तुरटी, साधं मीठ, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), टाकणखार (बोरॅक्स) आणि थोडा मोरचूद. प्रत्येकाची एकेक पट्टी करून बघितली.

मोरचूद सगळ्यांत देखणा निघाला. पण तो विषारी, माशांना तर फारच. वापरलेलं पाणी चाळीच्या मोरीत ओतायचं म्हणजे ते शेवटी खाडीत जाणार. एक पट्टी केली, द्रावण बाटलीत बंद केलं आणि तिथेच थांबलो. टाकणखाराचे स्फटिक झटपट आणि छान येतात, शाळेच्या प्रयोगांतही तो असतो. पण युरोपात त्याची नोंद प्रजननाला घातक पदार्थांत आहे, आणि या घरात तीन वर्षांची मुलगी जमिनीवर खेळते. तो निर्णय धाकटीने माझ्याशी चर्चा न करता घेतला आणि अगदी बरोबर घेतला.

एप्सम सॉल्टच्या सुया कापडावर सुंदर पसरल्या. आठवडाभर वातानुकूलित ग्रंथालयात ठेवल्या तर त्यांच्यातलं पाणी उडालं आणि पांढरी भुकटी उरली. मीठ घनाकृती, टिकाऊ वाटलं. जानेवारीत ते कोरडंच होतं. तुरटीचे आठ पैलूंचे स्वच्छ खडे आले आणि तिने तुरटी निवडली. मिठाच्या पट्ट्या मात्र "नंतर बघू" म्हणून त्याच कपाटात राहिल्या. ही गोष्ट पुढे महागात पडली.

तुरटीची रीत तिने स्वतः बसवली. लिटरभर पाण्याला ३०० ग्रॅम तुरटी, साठ अंशांपर्यंत तापवून, मलमलीतून गाळून. तीस अंशांच्या पाण्यात जेवढी तुरटी विरघळते त्याच्या तिपटीहून जास्त साठ अंशांच्या पाण्यात विरघळते. पाणी निवत गेलं की जास्तीची तुरटी बाहेर पडते आणि जिथे धरायला जागा मिळेल तिथे बसते. भरभर निवालं तर रव्यासारखे बारीक दाणे, सावकाश निवालं तर टपोरे खडे. म्हणून ती पातेलं आजीच्या गोधडीत गुंडाळून ठेवी. पहिल्या रात्री खालून मिरवणुकीचे ताशे गेले, जमीन हादरली आणि सकाळी तळाला नुसता चुरा होता. तेव्हापासून पातेलं जमिनीवरून उचलून उशीवर ठेवलं जाऊ लागलं.

कापडाचा प्रश्न याहून नाजूक होता. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं. सुती धागा आम्लाने हळूहळू कमजोर होतो. तुरटी घालून केलेला जुना कागद कसा तुकडे पडून जातो हे ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. लोकर आम्ल सहन करते. तिला रंगही आम्लातच देतात. शिवाय लोकरीला केस असतात, आणि स्फटिकाला धरायला असं टोक हवंच असतं. धाकटी गुळगुळीत मेरिनो लोकर शोधत होती. मी तिला दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी बघायला सांगितलं. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती न काढता बुडवली तर द्रावण गढूळ होतं. खळ धुऊन काढल्यावर मात्र त्या काळ्या, चरचरीत कापडावर तुरटी अशी बसली की पट्टी जोरात झटकली तरी खडा सुटेना. काळ्यावर पांढरं चमकत होतं. आजी म्हणाली, "दहिवर पडल्यासारखं दिसतंय."

लाकूड कापडावर बसवताना

इथे दादाचा हात होता, म्हणून चुका कमी झाल्या. त्याचा नेहमीचा पांढरा गोंद पाण्यातला असतो. प्लायवर दाब देऊन बसवताना चालतं, पण नुसत्या कापडावर अर्ध्या मिलिमीटरचं वीनियर त्या पाण्याने फुगून पन्हाळीसारखं वळलं. मग त्यानेच विचारलं, "शिंपी कॉलरला फ्यूजिंग लावतात तसं काही नाही का?" होतंच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी कोरडी जाळी कापड आणि वीनियर यांच्यामध्ये ठेवून इस्त्रीने दाबली की काम होतं. ती साधारण १२० ते १३० अंशांना वितळते.

कापायला लेझर. जोर इतका कमी ठेवायचा की लाकूड कापलं जाईल आणि खालचं कापड शाबूत राहील. नेमका आकडा कागदावर मिळत नाही, प्रत्येक लाकडाला वेगळा लागतो. ओकला आणि सागवानाला एक आकडा लावला आणि एक पूर्ण तुकडा आरपार गेला. एकदा तिने पाठीमागे रेक्झीन लावून नेलं, तर लेझरवाल्याने हात लावायला नकार दिला. रेक्झीनमधला पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो आणि यंत्रही गंजतं. तो माणूस दहावी शिकलेला असेल-नसेल, पण आमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर ही सूचना नव्हती. आता आहे.

दोन तुकड्यांमधल्या फटीवर तिचे बरेच दिवस गेले. कापड आतल्या बाजूला ठेवून घडी घातली तर फट नसली तरी चालते. लाकूड आतल्या बाजूला येणार असेल तर दोन्ही तुकड्यांच्या जाडीइतकी फट लागते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या वीनियरला एक मिलिमीटर. लेझरची रेघ त्याच्या पाव हिश्श्याचीही नसते. म्हणून दोन रेघा मारून मधली चिंधी चिमट्याने काढावी लागे. हे कळेपर्यंत घडी घातली की कडा तुटत होत्या.

तुकड्यांचा आकार तिने मोठा ठेवला. ६० मिलिमीटरच्या पट्ट्या, लाकडाच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून. मला ते दिसायला पटलं आणि मी हो म्हटलं. दादा तेव्हा एवढंच बोलला होता, "मॅडम, वीनियर एकाच बाजूला लावलंय. प्लायला आम्ही मागनंसुद्धा लावतो, नायतर फळी वळते." मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

अडचण: एकाला पाणी, दुसऱ्याला इस्त्री

फेब्रुवारीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नीट जमत होत्या. एकत्र आणायला बसलो तेव्हा खरी गाठ पडली.

आधी स्फटिक वाढवून मग लाकूड चिकटवायचं, तर इस्त्री १२० अंशांच्या वर. तुरटी ९२ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळते. एका दाबात सगळे खडे काचेच्या डागासारखे सपाट झाले. आधी लाकूड चिकटवून मग स्फटिक वाढवायचे, तर लाकूड रात्रभर पाण्यात. सकाळी ते फुगलेलं, कडा सुटलेल्या.

तीन वाटा समोर होत्या. स्फटिकांचे तुकडे स्वतंत्र वाढवून नंतर शिवायचे. लाकूड शेवटी थंड गोंदाने बसवायचं. पण त्याला दाब लागतो आणि दाबाने खडे फुटतात. किंवा लाकडाचा भाग बाटिकसारखा मेणाने झाकायचा आणि उघड्या कापडावरच स्फटिक येऊ द्यायचे.

मी मेण सुचवलं. बाटिक मी बरीच वर्षं शिकवते, हात तिकडेच गेला. हा माझा पहिला चुकीचा सल्ला. मेण साठ अंशांच्या आगेमागे वितळतं आणि आमचं द्रावण साठ अंशांचं. पहिल्याच बुडीत मेण तवंगासारखं वर आलं. धाकटीने द्रावण चाळीस अंशांवर आणून ओतायला सुरुवात केली, मेण टिकलं, पण खडे बारीक आले आणि मेणाच्या कडेखालून पाणी शिरतच राहिलं. मी म्हटलं, "थोडं शिरलं तर शिरू दे, वाळेल." उन्हाळ्यात वाळलंही. मेमध्ये तीन पडदे तयार झाले. परीक्षणाला आलेल्या बाहेरच्या दोघांनी खूप कौतुक केलं. पडद्यामागे दिवा लावला तेव्हा ओकच्या पट्ट्यांमधून बारीक तुरटी चांदण्यासारखी लुकलुकत होती. मला तो क्षण अजून आठवतो, आणि त्या क्षणी कोणालाही काही थांबवावंसं वाटलं नाही हेही आठवतं.

दुसरा चुकीचा सल्ला त्याच संध्याकाळचा. धाकटीने विचारलं, "मॅडम, पावसाळ्यात काय होईल याचं?" मी उत्तर दिलं, "आधी रूप पक्कं कर, हवेचं नंतर बघू." मुंबईत पावसाची सरकारी तारीख ११ जून. हातात जेमतेम एक महिना होता.

जूनचा शेवटचा आठवडा

पडदे विभागातल्या लोखंडी कपाटात होते, त्याच कपाटात वरच्या फळीवर जानेवारीतल्या मिठाच्या पट्ट्या. पाऊस सुरू झाल्यावर दोन आठवडे कपाट कुणी उघडलं नाही. २७ जूनला उघडलं.

मिठाच्या पट्ट्या ओघळल्या होत्या. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मुंबईच्या जुलैत ती बहुतेक वेळ ८० च्या वर असते. खारं पाणी खालच्या पडद्यांवर टपकलं होतं. पडदे लोखंडी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, चौकटीला ठोकलेले होते. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर, त्याला लोखंड आणि ओल मिळाली की शाईसारखा काळा डाग पडतो. प्रत्येक चुकेभोवती बोटाएवढं काळं वर्तुळ होतं. वीनियरच्या पट्ट्या कापडासकट वळल्या होत्या. आणि तुरटी कपाटाच्या तळाला सांडलेली होती, मुठीत घेता येईल इतकी.

धाकटी रडली नाही. तिने खाली सांडलेली तुरटी कागदावर गोळा केली, वजन केलं आणि वहीत लिहिलं: १८४ ग्रॅम. प्रदर्शनाला १९ दिवस होते.

आम्ही सगळ्यांनी लगेच निष्कर्ष काढला की तुरटीला मुंबईचा पाऊस सोसत नाही. विभागात दुसऱ्या दिवसापर्यंत तेच बोललं जात होतं. ते चुकीचं आहे हे धाकटीच्या घरातल्या एका पट्टीमुळे कळलं. डिसेंबरातली घोंगडीची पहिली पट्टी आजीने आवडली म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याजवळ खिळ्याला अडकवली होती. वाफ, फोडणी, पाऊस, सगळं तिच्यावर. त्या पट्टीवरचे खडे तसेच होते. थोडे मंद झालेले, पण घट्ट.

मग तिने जे केलं ते खरं तर जानेवारीत करायला हवं होतं. बंद डब्यात मिठाचा ओला चिखल ठेवला की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. पोटॅश खताचा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचा चिखल ठेवला की ८४ च्या आसपास. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ही युक्ती सांगितली. खर्च दोन प्लास्टिकचे डबे आणि पावशेर खत. प्रत्येक डब्यात तीन नमुने, चिखलाला न टेकता जाळीवर: नुसती घोंगडी आणि तुरटी, नुसतं कापड आणि वीनियर, आणि दोन्ही एकत्र.

चौथ्या दिवशी उत्तर मिळालं. पोटॅशच्या डब्यातही घोंगडीवरची तुरटी जागची हलली नव्हती. नुसतं वीनियर वळलं होतं, पट्टीचं टोक नऊ मिलिमीटर वर. आणि एकत्र नमुन्यावर खडे सुटले होते ते कुठेही नाही, तर लाकडाच्या रेषांना समांतर ओळींत. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. उन्हाळ्याच्या हवेतून जुलैच्या हवेत आलेला सागवानाचा ६० मिलिमीटरचा पट्टा मिलिमीटरभर रुंद होऊ शकतो. एका बाजूला कापडाने धरलेलं असल्यामुळे तो वाढताना वळतो, आणि त्या वळणाने शेजारचे खडे उडवून देतो. तुरटी पावसात टिकली होती. तिला लाकडाने ढकलून पाडलं होतं.

आणखी एक गोष्ट याच दिवसांत कळली. ज्या नमुन्यांवर मेणाखालून शिरलेलं द्रावण तसंच वाळलं होतं, ते चिकट झाले होते. घरची पट्टी धाकटीने द्रावणातून काढल्यावर थंड पाण्यात एक बुडी देऊन लगेच टिपकागदाने टिपली होती. पडद्यांना ती बुडी देता येत नव्हती, कारण त्यांच्यावर लाकूड होतं.

समोरचे पर्याय

१ जुलैला आम्ही बसलो. धाकटी, दादा, मी.

सगळ्यांवर लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, मारणं हा विभागात सर्वांनी सुचवलेला उपाय. दादाने तो दोन वाक्यांत संपवला: पावसाच्या हवेत लॅकर मारलं की ते दुधाळ पडतं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत लहान पोरीच्या नाकाशी तो वास कोंडायचा नाही. पाण्यातलं वॉर्निश तुरटीला विरघळवतं. तो पर्याय गेला.

पडदे दुरुस्त करून एसी खोलीत, आर्द्रता कमी करणारं यंत्र लावून दाखवायचे. आपल्याकडच्या कापडाच्या प्रयोगशाळांत २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता हे प्रमाण मानतात. तसं काही चार दिवस राखता आलं असतं. मी या बाजूला झुकले होते. धाकटीने विचारलं, "पण हा पडदा घरात लावायचाय ना? मग घर कुठंय असलं?" मला उत्तर देता आलं नाही.

मोडलेले पडदे मोडलेलेच दाखवायचे. एका सहकाऱ्याला हे फार आधुनिक वाटलं. धाकटीला ते पटलं नाही. तिला टिकणारी वस्तू करायची होती, आणि न टिकलेली वस्तू टिकवल्यासारखी मांडणं तिला खोटं वाटत होतं.

स्फटिक सोडून फक्त लाकूड दाखवायचं. हा सुरक्षित मार्ग होता आणि गुणही जवळपास तेवढेच मिळाले असते.

शेवटचा पर्याय फेब्रुवारीत बाजूला पडलेलाच होता: वेगळे वाढवून जोडणं. त्यासाठी तीन पडद्यांचा एक करावा लागणार होता.

काय केलं

एकच पडदा. वीनियरच्या पट्ट्यांऐवजी १५ मिलिमीटरचे त्रिकोण. एवढ्या तुकड्याची वाढ पाव मिलिमीटरहून जास्त होत नाही आणि ती मधल्या फटीत मावते. लाकडाच्या रेषा शेजारच्या त्रिकोणांत वेगवेगळ्या दिशांना ठेवल्या, म्हणजे सगळा पडदा एकाच बाजूला वळणार नाही. पाठीमागे दादाच्या जुन्या सूचनेप्रमाणे तेवढेच त्रिकोण, समोरासमोर. त्याने दोन रात्री कामावरून आल्यावर बसून ते लावले.

पडद्यात तळहाताएवढ्या २२ खिडक्या ठेवल्या. प्रत्येक खिडकीत घोंगडीचा तुकडा, त्यावर तुरटी. तुकडे शिवून टाकायचे की नाही यावर आमचा पुन्हा वाद झाला. शिवले तर सफाई दिसते. धाकटीने बाराबंदीला असतात तसे बंद लावले, लोकरीच्याच दोऱ्याचे, कारण सुती बंद तुरटीच्या ओलीने पुढे कुजले असते. तुकडा खराब झाला तर सोडायचा, धुवायचा, पुन्हा गोधडीत घालून वाढवायचा. माझ्या मते या प्रकल्पातला हा सगळ्यांत चांगला निर्णय होता. लोखंडी चूक कुठेच नाही. चौकटीला पडदा लाकडी खुंट्यांनी अडकवला.

२२ तुकड्यांसाठी तिने तेच द्रावण सहा वेळा तापवून, गाळून, थोडी तुरटी वाढवून वापरलं. त्यात कपाटातली ती १८४ ग्रॅमही गेली.

निष्पत्ती

प्रदर्शनाचे चार दिवस मुंबईत धो धो पाऊस होता, दालनाच्या खिडक्या उघड्या होत्या. पडदा सपाट राहिला. तीन तुकड्यांवरचे खडे गेले, तेही लहान मुलांनी ओढल्यामुळे. लाकडाने एकही पाडला नाही.

गुण अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. परीक्षकांनी तीन पडद्यांचा एक झाला याची नोंद केली, आणि नियमाने ती योग्य होती. मला ते लागलं, कारण त्या एकोणीस दिवसांत ती जे शिकली ते मोजायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. दोन डबे मात्र तिने पडद्याशेजारी टेबलावर मांडले होते, नमुने आणि रोजच्या नोंदींसकट, आणि माणसं पडद्यापेक्षा जास्त वेळ डब्यांपाशी थांबत होती. चाळीतल्या शेजारणी आल्या त्यांनी पहिल्यांदा तिथेच प्रश्न विचारले.

प्रदर्शनातून दोन विचारणा आल्या. एका दुकानाला तुरटीची स्टोल हवी होती, पैसे चांगले देत होते. धाकटीने नाही म्हटलं. खड्याच्या कडा गळ्याला टोचतात आणि घामात तुरटी विरघळते. चार वेळा वापरून ती चीज राहणार नाही. घरात त्यावर बोलणं झालं, आईला वाटत होतं एकदा करून द्यावी. आजी धाकटीच्या बाजूने उभी राहिली.

दुसरी विचारणा घराच्या सजावटीची कामं करणाऱ्या एका बाईंची, दिवाणखान्याच्या आडोशासाठी. धाकटीने त्यांना सांगितलं, "आधी चार खिडक्यांचा एक तुकडा देते. तो वर्षभर तुमच्या ऑफिसात टांगा. पुढच्या सप्टेंबरात बघू आणि मग ठरवू." बाईंनी तो नेला. आठ महिने झाले आहेत. मार्चमध्ये त्यांनी फोटो पाठवला: हवा कोरडी झाल्यावर खड्यांवर पांढरट पापुद्रा आला आहे, चमक गेली आहे, पण खडे जागेवर आहेत. त्यांना ते रूप आवडलंय. धाकटीला नाही. तिने बंद सोडून दोन तुकडे परत मागवले आणि सध्या ते पुन्हा वाढवते आहे.

पुन्हा केलं तर

डब्यांची चाचणी पहिल्या महिन्यात. मी रूप आणि टिकणं यांना एकामागून एक ठेवलं. ते बरोबरीने चालायला हवं होतं. मेमध्ये कौतुक झालं तेव्हा प्रकल्प आधीच चुकीच्या वाटेवर होता, आणि कौतुकामुळे परत फिरणं अवघड झालं.

नको असलेले नमुने त्याच कपाटात ठेवायचे नाहीत. मिठाच्या पट्ट्या एका डब्यात बंद असत्या तर ओकवरचे डाग तरी वाचले असते.

दादाला सुरुवातीपासून बैठकीत बसवायला हवं होतं. त्याचं वाक्य माझ्या वहीत ११ फेब्रुवारीच्या पानावर आहे, खाली रेघसुद्धा मारलेली आहे. आमच्या परीक्षणाला बाहेरून डिझायनर येतात. सुतार, शिंपी, लेझरवाला येत नाहीत. यंदा मी विभागाकडे लेखी मागणी केली आहे की एका परीक्षणाला निदान एक कारागीर मानधन देऊन बोलवावा. उत्तर अजून आलेलं नाही.

तुरटीवर पापुद्रा धरू नये यासाठी काय करायचं हे अजून सुटलेलं नाही. धाकटी सध्या मधमाशीच्या मेणाचा हात कोमट कापडाने देऊन बघते आहे. चार नमुने मिठाच्या डब्यात आहेत, चार पोटॅशच्या, आणि चार ओट्याजवळच्या त्याच खिळ्याला.